झोका वर जात नाही

रविवार, ९ एप्रिल १९८९

आज पाटणकर मास्तरांची छडी ऐकू आली. ती आमच्या अंगावर कधी पडायची नाही, टेबलावर पडायची. त्या ठेक्यावर धरणगावच्या शाळेचा अख्खा वर्ग कविता म्हणायचा. मंदाक्रांता असली की छडी दमादमाने पडे, आणि म्हैस पाण्यात उतरावी तसे आम्ही त्या ओळीत उतरायचो. खिडकीबाहेर जिनिंगकडे जाणाऱ्या कपाशीच्या गाड्या, आत ती कविता. अर्थ कुणाला कळत होता? पण अंगावर काटा यायचा. पुढे मी त्याच जिनिंगमध्ये कारकून झालो, रिटायर होऊन जळगावला आलो. मास्तर गेले, शाळेची कौलं गेली. छडी तेवढी राहिली.

आठवायचं कारण म्हणजे आजची बैठक. प्रकाशचंद शेठचं कॅसेटचं दुकान सुभाष चौकाच्या मागच्या गल्लीत. रविवारी सकाळी शटर अर्धं खाली ओढून ते आठवड्यात आलेली नवी कॅसेट लावतात. ऐकायला मी, हिलालभाऊ आणि शेठ स्वतः. हिलालभाऊ रेल्वेतून सुटले, आता भजनी मंडळात पेटी वाजवतात. नियमही भजनी मंडळाचाच आणलाय: ऐकताना बोलायचं नाही, बाजू संपली की चहा, मग मत. धाकट्याने आधी, थोरल्याने शेवटी. आणि थोरला बोलला की विषय संपला. थोरला म्हणजे मी. शेठ आमच्या मताने माल मागवतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "नानांनी पास केली आहे."

आज कुमुदिनी आगवणकरांची नवी भावगीतं. काय सांगू! बाईंनी घाई सोडली आहे. आवाज खाली उतरलाय, दाट झालाय, शब्द कसा पाय रोवून उभा राहतो. हिलालभाऊ म्हणाले, वय झालं बाईंचं. मी म्हटलं, वय नाही भाऊ, पोक्तपणा. ही मंदाक्रांता आहे. शेठने मान डोलावली आणि भरपूर माल मागवायचं ठरवलं.

घरी येऊन सौ.ला हे सगळं सांगितलं. ती मागे एकदा लोणच्याची बरणी घ्यायला बाजारात गेली असताना दुकानाशी थांबली होती. म्हणाली, "तुमच्या त्या दुकानात सगळेच रडतात."


रविवार, २३ एप्रिल

ऊन असं की डांबराला चपला चिकटतात. शेठच्या दुकानावर पत्रा. टेप वरच्या फळीवर, पत्र्याच्या अगदी खाली. शेठ त्यावर ओलं फडकं घालून ठेवतात, पण फडकं कॅसेटची बाजू संपायच्या आत वाळतं. आणि हल्ली बाजू संपायलाही वेळ लागतो. चहा दुसऱ्यांदा सांगावा लागला.

आज एका नव्या गझलवाल्याची कॅसेट. मुंबईचा तरुण पोरगा म्हणे, पण गातो म्हाताऱ्यासारखा. हिलालभाऊंनी पेटीवर सूर धरून पाहिला तर सापडेना. काळी म्हणावी तर काळी नाही, पांढरी म्हणावी तर पांढरी नाही. भाऊ म्हणाले, हे नवीन लोक मधल्या फटीत गातात.

माझ्या मनात एक विचार पक्का होत चाललाय. एकामागून एक सगळ्याच गायकांनी लय उतरवली, हा योगायोग नाही. दहा वर्षांच्या धांगडधिंग्यानंतर संगीत घरी परतत आहे. "संगीतातील पोक्तपणाचे पुनरागमन" असं मथळ्याचं पत्र इथल्या वर्तमानपत्राला टाकलं आहे.


शुक्रवार, २८ एप्रिल

पत्र छापून आलं. हिलालभाऊंनी चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवलं. टपरीवाला म्हणाला, नाना, पत्र चांगलं आहे पण वाचता वाचता दूध उतू गेलं.


रविवार, ७ मे

उद्या अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. सासुरवाशिणी माहेरी आल्यात. गल्लीत कडुनिंबाला झोके लागलेत, दुपारभर पोरींचा कालवा. आमची इंदू यंदा रावेरहून आली नाही, केळीचा हंगाम आहे, जावयांना सवड नाही.

आज बैठक मोडली. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाहून भिकन नावाचा माणूस आला. केळीच्या ट्रकवर काम करतो. खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढून शेठच्या पुढ्यात ठेवली. त्याची बहीण धुरपदाबाई आखाजीची झोक्याची गाणी आणि श्रावणातल्या कानबाई देवीची गाणी म्हणते. भिकनने तिला धुळ्याला नेऊन एका खोलीत ही गाणी भरून आणली. एवढी एकच कॅसेट, दुसरी प्रत कुठे नाही.

पण त्यावरून तिच्या सासरी तंटा झालाय. बाईमाणूस परगावी जाऊन गाणं भरतं म्हणजे काय! शेवटी सासऱ्याने निकाल दिला: जळगावच्या जाणत्या लोकांनी पास केलं तर गाऊ दे. नापास केलं तर घरात, वावरात, कानबाईच्या पुढेसुद्धा तोंड उघडायचं नाही. भिकन हे सांगताना खाली बघत होता.

शेठ म्हणाले, पसंत पडली तर श्रावणात कानबाईच्या आधी प्रती काढून खानदेशभर विकू. "पण नानाजी जो बोलेंगे वही." पुढच्या रविवारी ऐकायची ठरली.

मला उगाच छाती भरून आल्यासारखं झालं. कुणीतरी आपल्या शब्दाची वाट बघतंय, हे या वयात किती दिवसांनी!


रविवार, १४ मे

ऐकली.

मी मनापासून चांगलं ऐकायच्या इच्छेने बसलो होतो, हे आधी लिहून ठेवतो. भिकन शटरच्या बाहेर पायरीवर बसला होता, आत ये म्हटलं तरी आला नाही.

ढोलक जड पावलांनी येतं. मग बाईचा आवाज. घोगरा, पुरुषी, ओढल्यासारखा. चाली चांगल्या आहेत, शब्दही गोड. माहेरच्या वाटेचे, कडुनिंबाच्या मोहराचे. पण गाणं उचललंच जात नाही. शेठ आधी बोलले: "आवाज भारी लगता है." मग हिलालभाऊ. ते आखाजीचे झोके बघत वाढलेले, त्यांनी तर मर्मावर बोट ठेवलं. म्हणाले, "नाना, झोका वर जातच नाही. मधेच लटकून राहतो."

मग मी. मी म्हटलं, मंदाक्रांता विरहाला शोभते. प्रौढ गायिकेला शोभते. झोक्याच्या गाण्याला नाही. पोरगी झोक्यावर बसली तर तिचे पाय फांदीला लागले पाहिजेत. या बाईला गळा आहे, पण सूर वर नेण्याची ताकद नाही. नापास.

विषय संपला.

भिकन आत आला. उभा राहिला. म्हणाला, "नाना, घर तं ती आशी नही गास."

मी त्याला समजावलं की घरी आपण मायेने ऐकतो, यंत्राला माया नसते, ते आहे तसं दाखवतं. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

त्याने विचारलं, "मंग तिले काय सांगू?"

मी म्हटलं, सांग, आवाज हलका कर. वर ने. लय वाढव. रोज मेहनत कर. त्याने ते पुन्हा पुन्हा पुटपुटून पाठ केलं, शाळेतल्या पोरासारखं. कॅसेट नेली नाही. म्हणाला, घरी टेप कुठे आहे.


रविवार, २८ मे. रावेर.

इंदूकडे आलोय, सौ.ही बरोबर आहे. जावईबापू मगनराव केळीच्या गाड्या भरण्यात गुंतलेले, तरी सासऱ्यासाठी म्हणून मुद्दाम कुमुदिनीबाईंची नवी कॅसेट आणून ठेवलेली. जेवणानंतर लावली.

मी दोन ओळीतच हात वर केला. म्हटलं, जावईबापू, तुमचं यंत्र पळतंय. बाई कुठल्या कुठे धावत होत्या. आवाज बारीक, तरणा. माझी मंदाक्रांता कुठे गेली? मगनरावांनी आदराने बटणं दाबून पाहिली, कॅसेट काढून फुंकर मारली, पुन्हा लावली. तेच. म्हणाले, "नाना, नवीन आहे हो मशीन." इंदू पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

तरुणांचं सगळंच घाईचं. घड टपकन उतरवायचं, गाडीत फेकायचं, दिल्लीला धाडायचं. यंत्रंही तशीच घेतात.


मंगळवार, ३० मे. रावेर.

सकाळी केळी भरतात तिथे फिरायला गेलो. एका ट्रकच्या केबिनमध्ये तीच कॅसेट लागली होती. तोही टेप पळत होता. ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, गाडी उभी आहे.


गुरुवार, १ जून

एस.टी.ने परत आलो. भुसावळच्या स्टँडवर चहा घेतला. हॉटेलवाल्याने कुमुदिनीबाई लावल्या होत्या. त्यासुद्धा रावेरच्याच चालीने धावत होत्या.

 सौ. बशीत चहा ओतत होती. वर न बघता म्हणाली, "अख्खा खानदेश पळतोय आणि तुमच्या दुकानातलं एकच चालतंय, असं असेल का हो?"

मी चहा तसाच टाकला. पुढच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, वाराही होता, तरी जळगाव येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. पायरीवर बसलेला भिकन डोळ्यांपुढून हलेना.


रविवार, ४ जून

लिहिणं भाग आहे.

आज आकाशवाणीवर सकाळी कुमुदिनीबाईंचं तेच गाणं लागणार असं हिलालभाऊंकडून कळलं होतं. मी घरचा ट्रान्झिस्टर पिशवीत घालून दुकानात नेला. कुणाला काही सांगितलं नाही. रेडिओवर गाणं सुरू झालं आणि मी शेठला म्हटलं, आता आपली कॅसेट लावा. रेडिओवरच्या बाई अंतरा संपवून धृपदाला आल्या तेव्हा आमच्या बाई अजून अंतऱ्याच्या दारातच.

हिलालभाऊ आधी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "नाना, आपण वर्षभर म्हैस ऐकली की हो!"

शेठने टेप खाली उतरवून पाठ उघडली. आत रबराचा एक बारीक पट्टा, तो चाक फिरवतो. पत्र्याखालच्या उकाड्याने वितळून, ताणला जाऊन सैल पडला होता. लाडूच्या पाकासारखा बोटाला चिकटला. गेल्या उन्हाळ्यापासून असेल, शेठ म्हणाले. हळूहळू उतरत गेला आणि त्याच्याबरोबर आमचे कान.

मग हिलालभाऊंचं हसणं थांबलं. मला वाटतं आम्हा तिघांच्या मनात एकदमच आलं.

मी म्हटलं, भिकनच्या बहिणीची कॅसेट काढा.

शेठ खाली बसून खोकी धुंडाळायला लागले. मग धुंडाळायचे थांबले. लग्नसराईत एका गिऱ्हाइकाला बँडची गाणी भरून पाहिजे होती. कोरी कॅसेट संपली होती. ही नापासच होती. तिच्यावर भरली. आणि गिऱ्हाईक ती न्यायला आलंच नाही. "नानाजी, मुझे क्या मालूम," एवढंच ते म्हणत राहिले. त्यांना तरी काय म्हणायचं. नापास कुणी केली होती?

शेजारच्या घड्याळवाल्याकडचा टेप मागून आणला आणि कॅसेट लावली. वरात, ताशे, पिपाण्या. हिलालभाऊ म्हणाले, बंद करा. मी म्हटलं, शेवटपर्यंत जाऊ द्या. दुसऱ्या बाजूच्या शेवटी बँड एकदम तुटला, आणि मागून उरलेला एवढासा तुकडा निघाला. धुरपदाबाईची अर्धी ओळ. माहेरच्या वाटेवरची. तो आवाज कसा होता हे मला लिहिता येत नाही. वाऱ्यावर ओढणी उडावी तसा तो वर गेला, आणखी वर गेला, आणि तिथेच फीत संपली.

कुणीच मत दिलं नाही. चहाही आला नाही.


बुधवार, ७ जून

शेठ म्हणतात, बाईंना इथे आणा, मी स्वतः पुन्हा भरून घेतो, कानबाईच्या आधी प्रती निघतील. म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही. पण आणायचं कुणी? केळीच्या ट्रकवाल्यांकडे चौकशी केली. भिकन ट्रक सोडून नरडाण्याला कारखान्याच्या बांधकामावर गेलाय. कुठल्या, ते कुणाला ठाऊक नाही. तिच्या सासरी कार्ड टाकावं तर ते सासऱ्याच्या हाती पडणार. आणि लिहायचं काय? पट्टा सैल होता, म्हणून तुमची सून गप्प बसली?

सौ. म्हणाली, "लिहू नका. जा."


शनिवार, १७ जून

जाऊन आलो. गुडघे बोलतायत, पण लिहितो.

चोपड्याहून पुढे एकच गाडी, तीच उलटी परत येते, तेवढ्यात काय ते उरकायचं. गाव छोटं. धुरपदाबाईच्या घराला कडी. सगळी पेरणीला गेलेली. शेजारच्या ओट्यावर वच्छलाबाई नावाची म्हातारी डाळ निवडत होती. तिला म्हटलं, जळगावहून आलोय, धुरपदाबाईंना भेटायचं होतं.

तिने मला नीट न्याहाळलं. म्हणाली, "ती नदीवर शे. घरमा तिले गावू देत नहीत. दिनभर नदीवर बठीसन गास. येडी व्हयनी का काय, देव जाणे."

मला केवढा आनंद झाला! म्हणजे तिने गाणं सोडलं नाही. रियाज चालू आहे. मी म्हातारीला म्हटलं, चांगलं आहे, करू द्या. नदी कुठे ते तिने हाताने दाखवलं. टेकाडाच्या पलीकडे. तिकडून कुणीतरी ओरडल्याचा आवाज येत होता, गुरं हाकत असावं. एवढ्यात गाडीचा भोंगा वाजला.

तिथे त्या क्षणाला मी काय सांगायला हवं होतं, ते मला माहीत होतं. बाई, चूक आमची. यंत्र बिघडलं होतं. तुमची धुरपदा पहिल्या नंबराने पास आहे. पण वच्छलाबाईला रबराच्या पट्ट्याची गोष्ट कशी सांगायची? आणि आसपासच्या दोन-तीन बायाही ऐकायला आल्या होत्या. जळगावचे जाणते लोक, वर्तमानपत्रात पत्र आलेले. मी एवढंच म्हटलं, "त्यांना निरोप द्या, नानांना पुन्हा ऐकायचं आहे."

वच्छलाबाईने तो निरोप दोनदा म्हणून दाखवला. काही चुकलं नाही त्यात.


रविवार, २ जुलै

निरोपाचं काही कळलं नाही. शेठने नवा पट्टा बसवलाय, टेप खालच्या फळीवर ठेवलाय. आज कुमुदिनीबाई पुन्हा ऐकल्या. लख्ख, तरण्या, हसऱ्या. हिलालभाऊ म्हणाले, वा. मी मान हलवली. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: मला त्या सैल पट्ट्यावरच्याच आवडत होत्या. त्या छडीसारख्या येत होत्या. मी माझी शाळा ऐकत बसलो होतो आणि त्याला संगीत म्हणत होतो.

मत द्यायची वेळ आली तेव्हा शेठने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, भाऊ बोलतील. भाऊ म्हणाले, शेठ बोलतील. शेठ म्हणाले, चाय मंगाऊं?


रविवार, ९ जुलै

बैठकीला गेलो नाही. 


बुधवार, १२ जुलै

आषाढ चाललाय. श्रावण लागला की कानबाई. हिलालभाऊ नरडाण्याला जाऊन आले, त्यांचा जुना सोबती तिथे स्टेशनवर आहे. भिकन सापडला नाही. आणखी कुठे हात घालावा कळत नाही. दिवस काही माझ्या हातात नाहीत. सौ. म्हणाली, पुन्हा जा, या वेळी तिलाच गाठा आणि सरळ सांगा. जाईन म्हटलं. शनिवारी जाईन.


शुक्रवार, १४ जुलै

हे घाईत लिहितो आहे. 

सकाळची पूजा झाली होती. दार वाजलं. मला वाटलं दूधवाला. सौ.ने उघडलं आणि मागे वळून मला हाक मारली, वेगळ्याच आवाजात.

दारात एक बाई. डोक्यावर पदर, पायांवर वाटेचा चिखल वाळलेला, गळ्याभोवती हळदीचं फडकं बांधलेलं. एकटीच. बरोबर भाऊ नाही, सासरचं कुणी नाही. माझा निरोप पोचला म्हणून घरी न सांगता निघाली असणार. पहिल्या गाडीने, नाहीतर एखाद्या केळीच्या ट्रकने. वय फार नाही, तिशीच्या आत.

वाकून पाया पडली. मग बोलली.

"नाना, मी धुरपदा. भिकनभाऊनी सांगं, तसंच मी करं. नदीवर ऊचा आवाजमा गायनू, बठ्ठा दिन. मिरे खादात. आते आयका. हलका व्हयना का, ते सांगा."

हे मी जसं ऐकलं तसं लिहिलंय, पण तसं ते ऐकू आलं नाही. निम्म्या शब्दांत नुसता वारा होता. उरलेले खरवडून निघत होते, कोरड्या विहिरीत बादली घासावी तसे. सौ.ने तिला हाताला धरून आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. पाणी गिळतानाही तिने डोळे मिटले. आणि हसून माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांत एवढी आशा, की माझ्याच्याने बघवेना.

मी म्हटलं, बसा, मी चष्मा घेऊन येतो. चष्मा माझ्या डोळ्यांवर आहे.

आतल्या खोलीत येऊन ही वही उघडून बसलो आहे. सौ. दाराशी आली होती. माझ्याकडे बघून परत गेली. बाहेर जायला हवं. काय बोलायचं ते आता सगळं मला पाठ आहे, त्यात एकही शब्द अडणार नाही. पण सांगितल्यावर तिने विचारलं की मग माझा आवाज कुठे आहे, तर?

बाहेर तिने घसा साफ केला.

सुरुवात केली आहे.